हिरव्या बटणाचा जाब

ग्रॅटन फॉल्स,
बुधवार, २ ऑक्टोबर २०२४

प्रिय मर्ल,

मंगळवार, १२ एप्रिल २००५, दुपारी चार वाजून सात मिनिटं. आधी गुन्ह्याची वेळ लिहावी, मग गुन्हा, आणि गुन्हेगाराचं नाव अगदी शेवटी, म्हणजे तोवर वर्गातल्या सगळ्यांनाच घाम फुटतो, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सेंट-जिल म्हणायच्या. मी तुझं नाव पहिल्याच ओळीत लिहून बसले आहे, तेही 'प्रिय' लावून. त्यांनी निम्मे गुण कापले असते. असो. त्या दिवशी त्या मिनिटाला राजधानीत, ऑगस्टाच्या विधानसभेत, तुझ्या जागेवर बसून तू हिरवं बटण दाबलंस. माझ्या विधेयकाच्या बाजूनं. ज्या विधेयकाला तू चार महिने विरोध केला होतास, आणि ज्यावर आपण कुठलंच बटण दाबणार नाही असा शब्द त्याच दिवशी सकाळी तू मला फोनवर दिला होतास. एकोणीस वर्षं तू जगाला सांगत आलास की चूक झाली, चष्मा घरी राहिला होता. मीही ते ऐकून घेतलं. आता ऐकणार नाही. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे: ते बटण तू माझी कीव आली म्हणून दाबलंस का? अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. ते असं का झालंय ते तुला माहीत आहे, आणि तुला ते माहीत आहे हे मला माहीत आहे. त्याबद्दल पुढे.

आता एकेक सांगते, कारण तुला अर्धवट आठवायची सवय आहे. डिसेंबर १९९८, शपथविधीचा दिवस. मी नगरपालिकेच्या जमीन-नोंदणी कार्यालयात तीस वर्षं काढून, पेन्शन घेऊन, लोकांच्या आग्रहानं निवडून आलेली. तू टिबेट्स रिजचा सफरचंदवाला, विरुद्ध पक्षाचा, कोटाला झाडाच्या सालीचा वास. आपल्या बाकांमध्ये फक्त चालायची वाट होती. मी कामकाजाच्या नियमांचं पुस्तक उघडून पहिल्याच दिवशी नियमाचा मुद्दा काढला, आणि तू खिशातलं सफरचंद कोटाच्या बाहीवर पुसत विचारलंस, "बाई, तुमच्या पक्षातले सगळेच एवढं बोलतात, की तुम्ही तिघाचौघांचं मिळून बोलता?" मी म्हटलं, तुमच्या पक्षात विचार करायचं काम कुणीच करत नाही म्हणून आम्हाला जास्त बोलावं लागतं. तू ते सफरचंद कापून अर्धं माझ्या बाकावर ठेवलंस. मी ते खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र खाल्लं. आठ वर्षांत त्या वाटेवरून किती सफरचंदं गेली आणि उलट दिशेनं माझ्या घरचे डुकराचं मांस भरून भाजलेले किती मीट-पाय गेले हे दोन्ही पक्षांच्या नेत्यांना कळलं असतं, तर आपल्या दोघांचीही चौकशी लागली असती.

परवा क्लोदेत, माझी भाची, मला विचारत होती की 'मतं बांधणं' म्हणजे काय. तिला सांगताना माझ्या लक्षात आलं की बाहेरच्या माणसाला हे किती वेडगळ वाटतं. तिला म्हटलं, बघ, मी एखाद्या विधेयकाच्या बाजूची, मर्ल विरुद्ध. मला त्या दिवशी यायला जमणार नाही. मग मर्ल सभागृहात उभा राहून सांगणार की डेगलबाई असत्या तर त्यांनी 'हो' म्हटलं असतं, मी 'नाही' म्हटलं असतं, म्हणून आमच्या दोघांची मतं एकमेकांना बांधली आहेत आणि मी बटणाला हात लावत नाही. क्लोदेत म्हणाली, "पण मावशी, तू समोर नाहीस तर त्यानं खुशाल स्वतःचं मत टाकून मोकळं व्हावं की. कोण अडवतंय?" कोणी नाही, म्हटलं. कोणीच अडवत नाही, म्हणून तर त्याला अर्थ आहे. ती हसली. तिच्या पिढीला प्रत्येक गोष्टीचा पासवर्ड लागतो.

मी तो शब्द कसा पाळला ते तुला आठवत असेलच, नसेल तर आठवण करून देते. मार्च २०००. तुझी गाडी रिजच्या वळणावर बर्फात रुतली, आणि तू शेजाऱ्याच्या घरून फोन केलास. त्या दिवशीचं कराचं विधेयक आम्हाला एका मतानं जिंकता आलं असतं. मी उभी राहिले, तुझं 'नाही' मोठ्यानं सांगितलं, खाली बसून हात मांडीवर ठेवले, आणि विधेयक बरोबरीत पडलं. आमच्या नेत्यानं मला बाहेर गाठून विचारलं की मी कोणत्या पक्षाची आहे. मी म्हटलं, शब्द पाळणाऱ्यांच्या. त्या पक्षाची शाखा तुमच्याकडे अजून उघडलेली नाही. त्यानंतर दोन वर्षं मला एकाही चांगल्या समितीवर घेतलं नाही. मी तुला हे कधी बोलले नाही, कारण बोलायचं नसतं. एकूण तेरा वेळा आपण मतं बांधली. सात वेळा मी तुझं राखलं, सहा वेळा तू माझं. चौदाव्यांदा तू मोडलंस.

आणि ते विधेयक. ओव्हीद आणि ब्लाँश सीर. अठ्ठावन्न वर्षांचा संसार, दोघांनीही आयुष्य बुटांच्या कारखान्यात काढलेलं. दोघांना देखभालीची गरज लागली तेव्हा सरकारी खर्चानं तिला वृद्धांच्या एका होममध्ये खाट मिळाली आणि त्याला चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या. माझा नवरा नॉर्मां दर रविवारी ओव्हीदला गाडीत घालून तिच्याकडे न्यायचा. संध्याकाळी परतताना ओव्हीद दर वेळी विचारायचा, "आज ब्लाँश घरी का आली नाही?" नॉर्मां घरी येऊन हे एकदाच बोलला आणि नंतर त्यानं जेवताना विचारलं की ल्युसिएन, तू तिकडे राजधानीत बसून नक्की करतेस काय. तेव्हा मी ते विधेयक लिहिलं. नवरा-बायकोची इच्छा असेल तर सरकारी खर्चाच्या होमनं त्यांना एकाच खोलीत ठेवलंच पाहिजे. साडेसात ओळींचं विधेयक. तू त्याविरुद्ध सतरा मिनिटं बोललास. तुझ्या भागातलं होम अकरा खाटांचं, त्यांना खोल्या पाडून बांधणं झेपणार नाही, उद्या दार बंद करतील, मग नवराही घरी आणि बायकोही घरी आणि दोघांना बघायला कोणी नाही, असं तू म्हणालास. चांगलं बोललास. मला त्या दिवशी तुझा राग आला होता, पण तुझं म्हणणं खोटं नव्हतं. आपण दोघं भांडत होतो ते त्या एकाच म्हातारा-म्हातारीसाठी, हे फक्त आपल्यालाच कळत होतं.

मग बारा एप्रिल. पहाटे नॉर्मांला झटका आला. सात वाजता हॉस्पिटलमधून मी आधी तुझ्या घरी फोन लावला. तुझ्या बायकोनं, ईडिथनं, उचलला. मी नाव सांगितलं, ती गोड आवाजात म्हणाली, "कोण ल्युसिएन?" मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं. मग तिनं सांगितलं की मर्ल निघालाय. मला वाटलं, झोपेत असेल. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. साडेअकराला तू सभागृहाच्या फोनवर आलास. मी म्हटलं, आज मत आहे, पण नॉर्मां हॉस्पिटलमध्ये आहे आणि मी येऊ शकत नाही. मी पुढे काही मागायच्या आत तू म्हणालास, "बांधलं, बाई. तुम्ही तुमच्या माणसापाशी बसा." तेव्हा तू न विचारताच मी तुला एक गोष्ट सांगितली, ती सांगायला नको होती. नॉर्मांला दुसऱ्या मजल्यावर हलवताहेत, मला बाहेर थांबायला सांगताहेत, आणि तो माझा हात सोडत नाहीये. पाच वाजून दहा मिनिटांनी तो गेला. तेव्हा माझं विधेयक एकाहत्तर विरुद्ध सत्तर मतांनी पार होऊन एक तास तीन मिनिटं झाली होती. तू बटणाला हात लावला नसतास तर सत्तरला सत्तर, आणि बरोबरी म्हणजे हार.

तू अंत्यविधीला आलास. चर्चच्या तळघरात, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी, हातात टोपी घेऊन म्हणालास, "चूक झाली, बाई. चष्मा घरी राहिला." मी मान हलवली. विधवेला तीन दिवसांत काय काय सांगतात आणि ती कशाकशाला मान हलवते याची यादी केली तर मोठी होईल. ईडिथ तुझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला आणि मला विचारलं की नॉर्मां आज आला नाही का. लोकांना वाटलं, तिला दुःखानं सुचत नाहीये. मलाही तसंच वाटलं.

पुढच्या वर्षी तुला सिनेटला जायचं होतं. विधानसभेत आपल्या दोघांच्याही कायद्यानं मिळतात त्या चार मुदती भरत आल्या होत्या, मी घरी जाणार होते आणि तू वर. सगळे तेच धरून चालले होते, मीसुद्धा. पक्षाच्या उमेदवारीसाठी तुझ्या विरुद्ध तुमच्याच पक्षातला तो विमा विकणारा उभा राहिला, आणि त्यानं पत्रकावर मोठं हिरवं बटण छापून खाली तुझं आडनाव घालून लिहिलं: 'थर्लोसाहेबांना रंग कळत नाहीत.' जत्रेत लोक तुला हिरवी आणि लाल सफरचंदं दाखवून विचारायचे, मर्ल, यातलं लाल कोणतं? तू हसायचास. दोनशे बारा मतांनी पडलास. आठ वर्षं ज्याला दोन्ही बाजूंचे लोक अडचणीत फोन करायचे, त्याचं राजकारण एका बटणावर संपलं, आणि तू 'चूक झाली' म्हणून गप्प बसलास. आणि माझं काय झालं? त्या मतदानाच्या यादीत माझ्या नावापुढे 'गैरहजर' आहे. बांधलेलं मत नाही, नुसतं गैरहजर. माझ्या उभ्या राजकीय आयुष्यातलं एकच विधेयक जे लोकांना आठवतं, त्याला मी हजर नव्हते, आणि ते पास केलं एका आंधळ्यानं, असं चर्चच्या पायऱ्यांवर माझ्या तोंडावर म्हणायचे. मला ते बरोबरीत पडलेलं चाललं असतं, मर्ल. मी पुढच्या जानेवारीत तेच परत आणलं असतं, आणि तुझ्या सतरा मिनिटांना वीस मिनिटांचं उत्तर दिलं असतं. तुझं 'नाही' माझ्यापाशी ठेव म्हणून होतं. तू ते माझ्या नावावर मोडलंस, आणि मला विचारलंही नाहीस.

तरीही चूक ती चूक, असं मी एकोणीस वर्षं धरलं. मग गेल्या महिन्यात आपल्या गावच्या वाचनालयानं मला माझ्या आठ वर्षांवर दोन पानं लिहायला सांगितलं. मी तारखा आठवणीतून लिहीत नाही. अठरा सप्टेंबरला क्लोदेतनं मला ऑगस्टाला नेलं. तिथल्या ग्रंथालयातल्या बाईनं छापील इतिवृत्त आणून दिलं आणि म्हणाली, त्या दिवसाची ध्वनिफीतही आहे, ऐकायची का? मी कानाला हेडफोन लावला. अध्यक्ष तुला तुझ्या गावाच्या नावानं पुकारतात. तू उभा राहतोस, खुर्ची वाजते. तू म्हणतोस, "अध्यक्षमहोदय, मी..." आणि थांबतोस. सहा सेकंद. मी तीनदा मोजले. मग तू म्हणतोस, "काही नाही. बसतो." छापील इतिवृत्तात असलं काही ठेवत नाहीत. मतदानाची घंटा होते. तुझा माइक कुणी बंद केलेला नव्हता. तुझ्या शेजारचा हॉलिस, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, हळूच म्हणतो, "मर्ल, तुझा दिवा हिरवा लागलाय." आणि तू म्हणतोस, "दिसतंय मला."

दिसतंय मला. म्हणजे चष्मा नाकावर होता. ग्रंथालयातल्या बाईनं विचारलं की बरं वाटत नाहीये का. मी म्हटलं, मला उत्तम वाटतंय, फक्त एक माणूस माझ्याशी एकोणीस वर्षं खोटं बोललाय आणि मी त्याला दर नाताळला केक पाठवलाय.

परतीच्या वाटेवर क्लोदेत गाडी चालवत होती. तिला वाटलं, मी दमले. मी त्या सहा सेकंदांचा विचार करत होते. तू उभा राहिलास तो शब्द पाळायलाच, हे मी मानते. मोडायचाच असता तर उभं राहायची गरज नव्हती. मग मध्ये काय झालं? पहिली शक्यता, नॉर्मांचा हात. मी फोनवर जे सांगायला नको होतं ते तुला तिथे उभ्या उभ्या आठवलं आणि तुला माझी कीव आली. तसं असेल तर मी तुला क्षमा करणार नाही. मी सभासद होते. मला मत हवं होतं, रुमाल नको होता. दुसरी शक्यता, विधेयक तुला पटलं. ही मला आवडली असती, पण सतरा मिनिटं बोलणारा माणूस सहा सेकंदांत पटवून घेत नाही.

गावाच्या पुलावर आलो तेव्हा तिसरी सुचली, आणि मी क्लोदेतला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. कोण ल्युसिएन. कोण ल्युसिएन. नॉर्मां आज आला नाही का. ते दुःखानंही नव्हतं आणि झोपेतही नव्हतं, मर्ल. आम्हाला सगळ्यांना ते तीन वर्षांनी कळलं, ईडिथ बागेत तिच्याच झाडांमध्ये हरवली तेव्हा. पण ज्याच्या घरात ती होती, त्याला त्या एप्रिलमध्ये कळलेलं असणार. तू तिथे उभा राहून माझं 'हो' आणि तुझं 'नाही' सांगणार होतास, आणि तुला रिजवरचं ते अकरा खाटांचं होम दिसलं, आणि चाळीस मैल दिसले, आणि तू कुठल्या तरी गाडीत बसून कुणाला तरी विचारतोयस की आज ईडिथ घरी का आली नाही. आणि खरं कारण सांगायचं, तर एकशे चाळीस माणसांसमोर बायकोचं नाव घ्यावं लागलं असतं, ज्या दिवशी तिला स्वतःलाही तिचा आजार कुणी सांगितलेला नव्हता. त्यापेक्षा तू आंधळा झालास. सिनेट गेली, जत्रेतली सफरचंदं आली, आणि ईडिथ अजून तीन वर्षं चारचौघांत नुसती विसरभोळी राहिली.

मला हे पुलावर बसून कळलं, असं मी धरते. सिद्ध करता येत नाही. तुझा खुबा मोडला त्या वर्षी मी रिव्हर रोडवरच्या होममध्ये तुम्हाला दोघांना भेटायला यायचे, खोली नऊ, दोन खाटा, मध्ये तुझी खुर्ची. खुबा चार महिन्यांत बरा झाला होता. तू अकरा महिने, ईडिथ जाईपर्यंत, तिथून हलला नाहीस, आणि डॉक्टरांसमोर लंगडायचास. ते लंगडणं मी ओळखलं होतं. पण ती खोली माझ्या साडेसात ओळींनी दिली होती आणि त्या ओळी तुझ्या बटणानं, हे मला खुर्चीत बसून केक कापताना एकदाही सुचलं नाही. ईडिथ मला दर वेळी नवी पाहुणी समजून नाव विचारायची. मी सांगायचे. तू खिडकीबाहेर बघायचास.

या तिसऱ्या कारणाला मी क्षमा करू शकते. ते स्वार्थाचं आहे, आणि स्वार्थानं दिलेल्या मताचा मला कधीच राग आला नाही. निम्मी विधानसभा त्यावर चालते. माणूस स्वतःच्या बायकोसाठी शब्द मोडत असेल तर त्यात मी कुठे नाहीच, मग माझा अपमान कसला? पण मला हे माझ्या तर्कातून नको आहे, तुझ्याकडून हवं आहे. आणि घाई नसती तर सवडीनं विचारलं असतं. मला ते आत्ताच का हवं आहे, हे तुला नीट कळलंय की नाही याची मला शंका आहे, म्हणून लिहिते.

गेल्या शनिवारी, २८ सप्टेंबरला, चर्चच्या तळघरातल्या बीन्सच्या जेवणाला मी हा जाब विचारायलाच आले होते. वाक्यं तयार होती. तू बीन्सची करपलेली भांडी घासत होतास, बाह्या वर, कोपरापर्यंत फेस. सात वाजायला वीस मिनिटं कमी होती. मी तोंड उघडायच्या आत तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "ल्युसिएन, तुझ्याच कायद्यानं त्यांना आपल्याला एकच खोली द्यावी लागेल. लग्न मात्र करावं लागेल, कायदा तसाच लिहिलायस." सव्वीस वर्षांत तू मला पहिल्यांदा नावानं हाक मारलीस, तीही भांडं घासत. मी म्हटलं, ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब. तू म्हणालास, "तुमची मर्जी, बाई," आणि पुढचं भांडं घेतलंस. मी घरी आले आणि माझ्या लक्षात आलं की रिव्हर रोडवरच्या होममध्ये मी खाट मागितली आहे, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. क्लोदेतला विचारलं. ती रडायला लागली. मंगळवारी, चोवीस तारखेला, तिनं तुला हार्डवेअरच्या दुकानात सगळं सांगितलं होतं: पार्किन्सन्स, उजवा हात, दोनदा जिन्यावरून पडणं. मंगळवारी तुला कळलं आणि शनिवारी तू मागणी घातलीस. चार दिवस. तारखा मांडायची मला सवय आहे, मर्ल, त्याला इलाज नाही.

म्हणून हे पत्र. बारा एप्रिलला तू कीव आली म्हणून बटण दाबलं असशील, तर अठ्ठावीस सप्टेंबरलाही तेच दाबलंस, आणि मी दुसऱ्यांदा गैरहजर राहणार नाही. मग मी एकटी जाईन, नदीकडची खोली मागेन, आणि तू रविवारी पाहुण्यासारखा येत जा. पण त्या सहा सेकंदांत तुला ईडिथ दिसली असेल, तर मला कळेल की तू उभ्या उभ्या स्वतःला हवं तेच मागतोस, फक्त मोठ्यानं सांगत नाहीस, आणि मग त्या भांड्यांपाशी तू जे मागितलंस तेही मला तुझंच धरता येईल. मंगळवार, १५ ऑक्टोबरला मला होमच्या कागदांवर सही करायची आहे, आणि त्यात एक चौकोन आहे: एकटे की जोडीदारासह. तेव्हा तुझं उत्तर शनिवारी, १२ ऑक्टोबरला दुपारी बारा वाजता टपाल कचेरीची खिडकी बंद व्हायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. लेखी. फोन उचलणार नाही, आणि सफरचंदाची पेटी हे उत्तर धरलं जाणार नाही. पूर्ण वाक्यात लिही, सिस्टर सेंट-जिल अर्ध्या वाक्याला शून्य द्यायच्या. 'चूक झाली' हे दोन शब्द त्यात कुठेही आले, तर पाकीट तसंच परत येईल. चष्मा लावून लिही.

तुझीच (मंजुरी बाकी),
ल्युसिएन डेगल